नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

आपली मराठी भाषा मोठी खट्याळ आहे. ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत तिने अंतर ठेवले ते अवघ्या एका मात्रेचे! पाळण्यातल्या पोरीचे नाव ठेवतात ते एकदाच, बाराव्या दिवशी, घुगऱ्या वाटून. आणि नावे ठेवतात ती जन्मभर, काहीही न वाटता. मुलाने घराण्याचे नाव काढायचे आणि मुलीने ते राखायचे. तिचे पाऊल वाकडे पडले तर नाव बुडते ते तिच्या बापाचे. आणि पाऊल सरळ पडून ती बोहल्यावर चढली, तर नाव बुडते ते तिचे स्वतःचे. नवऱ्याचे नाव तिने उखाण्यात घ्यायचे, आणि त्याच मांडवात तिचे नाव आपण काढून घ्यायचे. वा रे देवाणघेवाण!

सणासुदीच्या दिवसांत, फराळाचे ताट पुढ्यात असताना, कोणाच्या तोंडाची चव घालवावी असा माझा हेतू नाही. पण दिवाळी अंक हा घरातल्या सगळ्यांच्या हाती पडतो. तो सासूबाई वाचतात, सूनबाई वाचते, लग्नाला आलेली लेक वाचते आणि ‘आम्ही नाही बुवा असले काही वाचत’ म्हणणारे सासरेही सगळे झोपल्यावर वाचतात. तेव्हा जे सांगायचे ते सगळ्यांना एकदमच सांगावे. मला सांगायचे आहे ते एवढेच, की मुलीचे नाव हे त्या मुलीचे असते. ते बापाचे नव्हे, आत्याचे नव्हे, ज्योतिषाचे नव्हे, आणि नवऱ्याचे तर मुळीच नव्हे. ‘यात काय मोठे सांगितले?’ असे ज्यांना वाटेल त्यांनी पुढचा मजकूर अवश्य वाचावा. कारण तोंडाने हे कबूल करणारी आणि मांडवात नेमके उलटे वागणारी माणसेच मला अधिक भेटली आहेत.

प्रथम ‘अर्थ’ नावाच्या भुताचा समाचार घेऊ. बारसे ठरले की पूर्वी नावांचे पुस्तक घरात येई, हल्ली यादी मोबाईलवर येते. आणि प्रत्येक नावापुढे जो तो विचारतो, ‘अर्थ काय?’ जणू पोरगी जन्मभर त्या अर्थाबरहुकूम वागणार आहे! माझ्यासारख्या मास्तरणीला विचारा. रोज सकाळी हजेरी घेता घेता शब्दकोशाची जी फटफजिती मी पाहिली आहे, ती कोशकारांनी पाहिली तर ते धंदा सोडतील. शीतल म्हणून हाक मारावी तो डोळ्यांत निखारे घेऊन उभी राहणारी मुलगी मी पाहिली आहे. मृदुलेने कबड्डीच्या मैदानावर तीन पोरींना धरून लोळवलेले पाहिले आहे. प्रगती एकाच गणितापाशी तीन महिने मुक्काम करते, आणि तेजस्विनी आपल्या बाकाच्या कोपऱ्यात इतकी गप्प बसते की तिचे ‘हजर’ ऐकण्यासाठी सारा वर्ग शांत करावा लागतो. पण गंमत पुढेच आहे. वर्ष संपेपर्यंत त्या शब्दांचे कोशातले अर्थ माझ्या डोक्यातून पार पुसले जातात. मला शीतल म्हटले की निखारेच दिसतात, आणि मृदुला म्हटले की धुळीने माखलेले गुडघे!

नाव हे बारशाच्या दिवशी रिकामे भांडे असते. त्यात काय भरायचे ते ती मुलगी ठरवते. दूर कशाला जायचे? ‘लता’ या शब्दाचा अर्थ वेल. झाडाचा आधार घेऊन वर चढणारी, वारा आला की थरथरणारी. मंगेशकरांच्या घरात जन्मलेल्या मुलीचे नाव हेमा होते. पुढे ‘भावबंधन’ नाटकातल्या लतिकेवरून तिला लता म्हणू लागले. १९४२ साली मास्टर दीनानाथ गेले तेव्हा ही वेल अवघी बारा वर्षांची होती, आणि तिने साऱ्या घराला आधार दिला. आज ‘लता’ म्हटल्यावर वेल कोणाला आठवते? सावित्रीचेही तसेच. शतकानुशतके हे नाव म्हणजे वडाचे झाड, दोऱ्याचे वेढे आणि यमाच्या मागे चालणारी पतिव्रता. नायगावच्या नेवसे पाटलांची एक सावित्री पुण्यात आली, १८४८ साली मुलींना शिकवायला उभी राहिली आणि तिने त्याच नावात पाटी-पेन्सिल भरली. आमच्या शाळेतल्या पहिलीच्या पोरींना सावित्री म्हटले की वड आठवत नाही, फळा आठवतो. आणि इरावती? ती तर ब्रह्मदेशातली नदी! १९०५ साली तिकडे जन्मलेल्या मुलीचे नाव बापाने त्या नदीवरून ठेवले. त्या काळच्या किती म्हाताऱ्यांनी ‘हे कसले बाई परदेशी नाव?’ म्हणून नाक मुरडले असेल! आज इरावती म्हटले की मराठी वाचकाला नदी नव्हे, ‘युगान्त’ आठवते.

म्हणूनच, नव्या नावांवर तोंडसुख घेणाऱ्या आमच्या वयाच्या मंडळींच्या पंगतीत मी बसत नाही. ‘कियारा म्हणजे काय हो? आर्या, अन्वी, आराध्या, सगळ्याच अ-वर कशा?’ असे विचारणाऱ्यांना मी सांगते की धीर धरा. तुमच्या आजीला ‘सुनीता’ हे नावही असेच पोकळ वाटले होते. एके काळी घरोघर गोदावरी, यमुना, भागीरथी, चंद्रभागा वाहत होत्या, घरबसल्या तीर्थयात्रा! मग बागा फुलल्या, आणि कुसुम, सुमन, मालती, कमल, पुष्पा आल्या. मग सुनीता, अनिता, संगीता, सविता, वनिता अशी यमके जुळली. एका घरात तिघी बहिणी असल्या की पाढा म्हटल्यासारखे वाटे. आमच्या पिढीत वैशाली, रूपाली, दीपाली, सोनालीचा पूर आला. हजेरी घेताना मास्तरांची जीभ नुसती घसरत जायची. मग पूजा आणि नेहा, आणि आता या अ-कारी मुली. हजेरीपट उलटा चाळावा आणि महाराष्ट्राच्या हौशीचा, भक्तीचा, नाटक-सिनेमाचा इतिहास वाचावा. त्यातले कोणतेही नाव मुळात मोठे नव्हते की हलके नव्हते.

पण नावे ठेवणाऱ्यांना हे कसे पटावे? त्यांनी नावांचीही जातवारी आणि पगारवारी लावून ठेवली आहे. कोणतीही मालिका लावा. बंगल्याची मालकीण असेल ईश्वरी नाहीतर अनन्या. आणि भांडी घासायला येणारी हटकून शांताबाई, नाहीतर सखूबाई, नाहीतर रखमा. अहो, सखू ही विठ्ठलाची भक्त, रखमा ही तर साक्षात त्याची राणी! आषाढीला तिच्या पायांवर डोके ठेवायला तुम्ही पंढरपुरास रांगा लावता, आणि घरी आल्यावर ‘रखमा’ हा शब्द उच्चारताना तुमच्या नाकावर सुरकुती पडते? वर्गात एखादी शेवंता नाहीतर ठकूबाई खेड्यातून येते तेव्हा बाकीची पोरे फिदीफिदी हसतात. पोरांना मी दोष देत नाही. शेवंती हे फूल आणि जाई-जुई हीही फुलेच; पण एका फुलाला हसावे आणि दुसऱ्याला हुंगावे हे त्यांना घरात कोणीतरी शिकवलेले असते. नावावरून हिणवायला मराठीने म्हण केली तीही पाहा: नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. सोन्याबापू नावाचे शेकडो पुरुष कफल्लक फिरत असतील. त्यांच्यावर कोणी म्हण केली नाही.

आता टोपणनावांकडे वळते, कारण लाडाच्या नावाखाली मुलींची जेवढी विटंबना होते तेवढी शिव्यांखालीही होत नसेल. नाव ठेवावे लागते, पण टोपणनाव पडते. धाकट्या भावाला सुलोचना म्हणता येत नाही, तो ‘सुयू’ म्हणतो, आणि साठ वर्षांनंतरही ती त्या घरची सुयू असते. चिमी, छबी, बनी, मनी, चिऊ, माऊ, ठमी, छकुली! ही नावे मला फार आवडतात. त्यांना अर्थ नसतो, व्याकरण नसते. त्यांच्यामागे फक्त एक घर असते. सत्तरीच्या बाईला तिची थोरली बहीण ‘छबे’ म्हणून हाक मारते तेव्हा काठी टेकत येणाऱ्या त्या बाईच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते कोणत्याही पद्मभूषणाने उमटणार नाही. ‘बेबी’चेच घ्या ना. इंग्रजी शब्द, आपल्याकडे एका काळी घरटी एक बेबी असे, आणि शहाणी माणसे त्या नावाला हसत. पण फलटणच्या बेबीताई कांबळ्यांनी ‘जिणं आमुचं’ लिहिले, १९८६ साली ते पुस्तक निघाले, आणि त्यानंतर ‘बेबी’ या नावाला हसण्याची माझी तरी छाती होत नाही. ज्या समाजातल्या बायकांच्या जिण्याकडे कोणी ढुंकून पाहिले नव्हते, त्यांचे सगळे जिणे या ‘तान्ह्या’ नावाच्या बाईने बोलून दाखवले.

हे झाले लाडाचे. पण काळी, ढब्बी, नकटी, बुटकी, चकणी, काळुंद्री ही कोणत्या लाडाची नावे? ‘आम्ही प्रेमाने म्हणतो हो,’ असे सांगणाऱ्या आत्या, मावश्या आणि काका मला दर वर्षी भेटतात. माझे त्यांना एकच सांगणे असते. त्या मुलीला शाळेच्या स्नेहसंमेलनात, पाचशे माणसांसमोर, त्याच नावाने मोठ्याने हाक मारा. ती आनंदाने वळली तर ते लाडाचे नाव. ती मान खाली घालून उभी राहिली तर तो लाड नव्हे. ती तुमची करमणूक होती आणि तिची किंमत ती पोर मोजत होती. कितीतरी गोऱ्यामोऱ्या झालेल्या मुली मी पाहिल्या आहेत, ज्या वर्गात हात वर करत नाहीत, फोटोत मागे उभ्या राहतात. आणि चौकशी करावी तर मुळाशी कोणत्या तरी काकांची एक ‘प्रेमळ’ हाक असते.

आणि या साऱ्यांवर कळस म्हणजे नकुशी! दोन-तीन मुलींच्या पाठीवर पुन्हा मुलगीच झाली की तिचे नाव ‘नकुसा’ ठेवायचे, म्हणजे पुढच्या खेपेला मुलगा होतो, अशी समजूत. आपल्याकडे मुलांनाही दगडू, धोंडू अशी ओबडधोबड नावे ठेवीत आले आहेत. आधीची मुले जगली नाहीत म्हणजे काळाची दृष्टी चुकवावी म्हणून. पण दोहोंतला फरक पाहा. मुलाला दगड म्हणायचे ते त्याने राहावे म्हणून. मुलीला नकोशी म्हणायचे ते तिच्यासारखी दुसरी येऊ नये म्हणून. एकाच्या कुरूप नावात नवस आहे, दुसरीच्या नावात हाकलून लावणे आहे. अशा मुलीचे नाव हजेरीत पुकारायचे कसे? ‘नकुसा?’ ‘हजर!’ रोज सकाळी, चाळीस मुलांच्या देखत, त्या पोरीने उभे राहून कबूल करायचे, की होय, जी कोणाला नको होती ती मी, आले आहे!

सातारा जिल्ह्याने ऑक्टोबर २०११ मध्ये या प्रकाराला जाहीर तोंड दिले ही मोठी गोष्ट झाली. त्या एका समारंभात २८५ मुलींची ‘नकुसा’पासून सुटका झाली आणि त्यांना नवी नावे मिळाली. बऱ्याच जणींनी आपली नावे आपणच निवडली. कोणी म्हणेल, ‘बाई, एकीकडे तुम्ही म्हणता मुलीचे नाव तिचे असते, आणि दुसरीकडे नावे बदलली म्हणून आनंद मानता?’ होय, मानते. कारण माझे भांडण नाव बदलण्याशी नाहीच. ते कोण बदलतो याच्याशी आहे. नकुसा हे त्या मुलींचे नाव कधी नव्हतेच. ते त्यांच्या आईबापांनी दैवाकडे केलेले तक्रारअर्ज होते, आणि ते अर्ज पोरींच्या कपाळावर चिकटवले होते. त्या पोरींनी ते ओढून फेकले आणि आपल्याला हवे ते लिहिले. आपल्या नावावरचा हक्क याहून स्पष्टपणे कोणी सांगितला असेल असे मला वाटत नाही.

याच कसोटीवर आता लग्नातली ती नाव बदलण्याची चाल घासून पाहू. लग्न लागते, वरात येते, नवी नवरी माप ओलांडते, लक्ष्मीपूजन होते. चांदीच्या तबकात तांदूळ पसरतात आणि नवरदेव सोन्याच्या अंगठीने त्यावर एक नाव लिहितो. भोवती करवल्या टाळ्या वाजवतात, पेढे वाटले जातात. तबकातले तांदूळ संध्याकाळपर्यंत डब्यात परत जातात. पण त्या तांदळांवर लिहिलेले नाव मात्र बाईच्या जन्माला चिकटते. वीस-पंचवीस वर्षे जिने एक नाव भरले, शाळेत, मैत्रिणींत, आईच्या हाकेत, परीक्षेच्या निकालात, तिचे ते भांडे उंबरठ्यावर पालथे करायचे आणि तिच्या हाती दुसरे, कोरे, रिकामे भांडे द्यायचे. रमेशची रमा आणि सुरेशची सुरेखा! बाजारातल्या कपबशीचा जोड लावतात तसा.

यावर मला नेहमी ऐकवतात, की थोरामोठ्यांच्या घरी हे चालत आले आहे, आणि त्या बायकांचे काय वाईट झाले? बरे, पाहू. कल्याणच्या जोश्यांच्या एका मुलीचे नाव यमुना. नवव्या वर्षी तिचे लग्न झाले, गोपाळरावांनी तिला आनंदी केले. १८८६ साली ती फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाली आणि पुढच्याच वर्षी वारली. कुर्लेकरांच्या एका मुलीचे नावही यमुना. १८७३ साली ती न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी आली आणि रमा झाली. तांब्यांची मनकर्णिका झाशीला गेली आणि लक्ष्मी झाली. गोखल्यांची मनकर्णिका टिळकांच्या घरी गेली आणि तीही लक्ष्मीच झाली. दोन यमुना आणि दोन मनकर्णिका, चौघीही आपापल्या नावाने बुडाल्या आणि दुसऱ्यांनी दिलेल्या नावाने वर आल्या. त्या वर आल्या यात त्या नावांचे काय कर्तृत्व? रमा नावाने ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ लिहिल्या नाहीत. त्या लिहिल्या कुर्लेकरांच्या यमुनेनेच. ‘स्मृतिचित्रे’तली खट्याळ, हजरजबाबी, हार न जाणारी बाई ही काही बोहल्यावर जन्मली नव्हती. या बायकांना एका जन्मात दोन भांडी भरावी लागली, आणि त्यांनी ती भरली, हा त्यांचा मोठेपणा. तो तांदळाच्या तबकाच्या खात्यावर कृपा करून मांडू नका. आणि ज्यांना दुसरे भांडे भरायला ना वेळ मिळाला ना जागा, त्या लक्षावधी बायांचे काय? त्यांची नावे मला सांगता येत नाहीत, कारण ती कोणी जपलीच नाहीत.

हल्ली ही चाल कमी झाली आहे हे मी जाणून आहे. पण कमी झाली म्हणजे गेली नाही, आणि तिची बाजू मांडणारे वकील तर मुळीच कमी झालेले नाहीत. पहिले म्हणतात, ‘नवरा ते प्रेमाने ठेवतो.’ ठीक. मग बायकोनेही प्रेमाने नवऱ्याचे नाव बदलावे. दत्तात्रयरावांना उद्यापासून आशुतोष म्हणावे आणि पतपेढीत, कचेरीत, सातबारावर सगळीकडे तसे करून घ्यावे. हे वाचतानाच तुम्हाला हसू आले ना? मग तिच्या बाबतीत रडू का येत नाही? दुसरे म्हणतात, ‘सासूबाईंचे नावही तेच आहे, एका घरात दोन मंगल कशा चालतील?’ एका गल्लीत सात गणेश चालतात, एका वर्गात चार ओंकार चालतात. मी रोज चालवते. थोरल्या मंगलताई आणि धाकटी मंगल, इतके ते सोपे आहे. तिसरे म्हणतात, ‘मुलीलाच नवे नाव आवडते.’ आवडत असेल तर तिने जरूर घ्यावे. मी कोण आड येणार? साताऱ्याच्या मुलींनी तेच केले. मात्र निवड खरोखर तिची असावी. अंगठी नवऱ्याच्या हातात, नाव नणंदेने सुचवलेले, आणि नवरी बिचारी डोक्यावरचा पदर सावरत हसते आहे. याला पसंती म्हणत नाहीत.

चौथे वकील सर्वांत सभ्य आणि म्हणून सर्वांत अवघड. ते म्हणतात, ‘आम्ही सुधारलेले आहोत. आम्ही तिचे जुनेच नाव तांदळात लिहिले.’ वर अभिनंदनाची अपेक्षा! मी विचारते, तिचे नाव तिलाच परत द्यायला ते तुमच्याकडे आले कधी होते? शेजाऱ्याने आपल्या घराची किल्ली आपल्यालाच समारंभपूर्वक भेट द्यावी, आणि आपण त्याचे आभार मानावेत, त्यातला हा प्रकार. तांदूळ डब्यात राहू द्या, त्याचा भात करा. तो गोड लागेल.

आणि हा नुसता भावनेचा प्रश्न आहे असे ज्यांना वाटते त्यांनी एक दिवस आमच्या शाळेच्या कचेरीत येऊन बसावे. लग्न होऊन वीस वर्षे झालेल्या बाया दाखल्याची दुसरी प्रत मागायला येतात. दाखल्यावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरे, आधार कार्डावर तिसरे. कारण मधे कोणी तरी टोपणनावच लिहून ठेवलेले. मग प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात छापून आणा, पुन्हा खेपा घाला. लग्नानंतर बाईने नाव बदललेच पाहिजे असे कोणत्याही कायद्यात एक अक्षर नाही. पण बदललेले नाव निस्तरायला मात्र कायद्याचे सगळे कागद लागतात. वडिलांच्या जमिनीच्या वारसनोंदीत तर मोठीच मौज. २००५ सालच्या कायद्याने लेकीला लेकाइतकाच हिस्सा दिला. पण ‘नाव जुळत नाही’ म्हणून कित्येक बायांना एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे धाडतात. हक्कसोडपत्रावर सही घ्यायची असली की त्याच बाईचे नाव एका दिवसात जुळते! १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात, सरकारच्या नव्या नियमाने, स्वतःच्या नावापाठोपाठ आईचे नाव लागते, मग वडिलांचे, मग आडनाव. फार चांगले झाले. पण आईचे म्हणजे नेमके कोणते नाव? माहेरचे, तांदळातले, की कार्डावरचे? पहिलीच्या पोरांना मी दर जूनमध्ये विचारते, ‘आईचे नाव काय रे?’ निम्मी पोरे सांगतात, ‘आई.’

पोरांना हसू नका. त्यांनी ते नाव ऐकलेलेच नसते. घरात नवरा ‘अगं ए’ म्हणतो, सासू ‘सूनबाई’ म्हणते, दीर ‘वहिनी’ म्हणतो, शेजारीण ‘बंटीची आई’ म्हणते. ही नाती गोड आहेत. मी त्यांना नावे ठेवत नाही. पण माणूस नुसत्या नात्यांच्या हाकांवर जगत नाही. मालती बेडेकरांना कोणी विसरले नाही, याचे कारण पाहा. माहेरी त्या बाळूताई खरे होत्या, लग्नानंतर मालती बेडेकर झाल्या. पण १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ लिहून बाईच्या मनातले खरे बोलायची वेळ आली तेव्हा त्यांनी तिसरेच नाव घेतले, ‘विभावरी शिरूरकर’. बाईने आपणहून, आपल्या कामासाठी घेतलेले नाव कसे महाराष्ट्र हलवून सोडते ते त्या वेळी लोकांनी पाहिले. प्रत्येकीला काही पुस्तक लिहायचे नसते. पण आपल्याला कोणी तरी आपल्या नावाने हाक मारावी, ही इच्छा प्रत्येकीची असते, आणि ती मोठी इच्छा नाही.

माहेरचे नाव पुसलेल्या बाईला त्या नावाने हाक मारणारी माणसे मोजकीच असतात. आई जाते, वडील जातात, मग एखादी मावशी, मग बालमैत्रीण. शेवटी एक भाऊ उरतो. तो गेला की त्या नावाची मुलगी जगातून गेली असे समजावे. मग तिच्या सासरच्या नावाची बाई आणखी वीस वर्षे जगो. माणूस जिवंत असताना त्याचे नाव मरावे, ही गोष्ट आपण पेढे वाटून साजरी करतो याचे मला आश्चर्य वाटते.

म्हणून भाऊबीजेला ओवाळून घ्यायला बसणाऱ्या साऱ्या भावांना माझे एक सांगणे आहे. ओवाळणीत साडी घाला, पाकीट घाला, जे जमेल ते घाला. पण पाटावर बसल्यावर बहिणीला तिच्या पहिल्या नावाने, तिच्या सासरच्या माणसांच्या देखत, मोठ्याने हाक मारा. तिच्या मुलांना ते नाव कळू द्या. नवऱ्यांनी दारावरच्या पाटीकडे एकदा पाहावे. तिथे आपल्या नावाखाली रंगाऱ्याला आणखी एक ओळ लिहायला फार पैसे पडत नाहीत. आणि येत्या हंगामात ज्यांच्या घरी कार्य आहे त्या वरमायांनी याद्या करतानाच भटजींना सांगून ठेवावे, की तबक नको. सून घरी येते आहे ती नाव घेऊनच येते आहे.